रेंगीखालच्या तीन खुणा

लिहून ठेवणार : डोमाजी तानबा मांडवकर, वय ७४, धंदा सुतारकाम (हात थरथरतो म्हणून आता बंद), राहणार पुलगाव, तहसील देवळी, जिल्हा वर्धा.

माझी अक्कल शाबूत आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, दम दिलेला नाही. साखर आहे, पण ती गोळीने आटोक्यात आहे. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रागाच्या भरात केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यात माझे थोरले भाऊ बाबाराव यांनी माझ्या तिरडीला हात लावू नये असे लिहिले होते, ते वाक्य तर वेगळा उल्लेख करून रद्द करतो.

१. पुलगावचे राहते घर मुलगा राकेश व मुलगी दामिनी यांना निम्मे निम्मे. "दामिनी सावंगीले राह्यते, तिले घर कायले पाह्यजे," असे राकेशने म्हणू नये. या घराची दारे मी बसवली तेव्हा चौकट तिने धरली होती. राकेश, तू त्या वेळी क्रिकेट पाहत होतास.

२. बँकेत जे असेल त्यातून तेरवी साधी करावी. उरेल ते दोघांचे.

३. माझी बायको रामबाई हिची शिलाई मशीन दामिनीला. रामबाई गेली त्याला चार वर्षे झाली. तिच्यासोबत मी जिल्ह्यातले एकही संग्रहालय सोडले नाही. ती म्हणायची, "लोक देव पाहाले जातात अन् आमचे हे पाट्या वाचाले." खरे होते. सगळीकडे वस्तू कोणी वापरली ते लिहितात, कोणी घडवली ते कोणी लिहीत नाही. ही चिडचिड मला जन्मभर पुरली. आता पुढचे कलम त्याच चिडीचे आहे. ते लांब आहे, पण वकीलसाहेबांनी कापू नये.

४. आमच्या मूळ गावच्या मालगुजाराची (जमीनदाराची) रेंगी, म्हणजे बसून फिरायची हलकी बैलगाडी, १९६० साली आमच्या घरी तयार झाली. २००६ साली तालुक्यात वारसा उद्यान झाले, तेव्हा ती तिथे नेऊन ठेवली. पाटी लिहिणाऱ्या साहेबांनी विचारले, घडवली कोणी? मी म्हणालो, आमच्या बापाने. बाबारावभाऊ म्हणाले, "मी. बाबा तवा तापानं खाटेवर होते." मला वाटले, म्हातारपणी भावाला बापाची कीर्ती खावीशी वाटते आहे. सगळ्यांसमोर मी त्यांना चोर म्हणालो. दोघांनी वेगवेगळे अर्ज केले. साहेबांनी वैतागून पाटीवर लिहिले : कारागीर अज्ञात. आम्ही दोन भावांनी भांडून आपल्याच घरचे नाव पुसले.

तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला, लेकरे लाकडी बैल घेऊन फिरत असताना, मी उद्यानात जाऊन अभिप्रायाच्या वहीत लिहीत आलो : पाटी चूक आहे, कारागीर तानबा मांडवकर. अठरा वर्षे लिहिले. भावाशी अठरा वर्षे बोललो नाही. रामबाईच्या मयतीला ते आले, तेव्हाही मी तोंड फिरवले. हे लिहिताना लाज वाटते.

आमच्या घराण्यात गाडी झाली की आखावरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, लाकडाला आतून पटाशीच्या तीन खुणा मारतात. मालकाच्या गाडीवर सुताराचे काही दिसू नये, म्हणून आतून. बापाच्या खुणा उजवीकडे कलायच्या. भाऊ डावखुरे, त्यांच्या डावीकडे. हे मला ठाऊक असून मी कधी पाहिले नाही, कारण मला खात्रीच होती. यंदा मात्र नव्या साहेबांनी पुरावा मागितला. मी साखळी ओलांडली आणि मोबाईलचा उजेड घेऊन रेंगीखाली आडवा झालो.

तिथले चौकीदार प्रभाकरराव ओरडले, "डोमाजी, निंघा बाहेर. हात लावू नये लिवलं हाय, दिसत नाई काय?"

तिन्ही खुणा डावीकडे कललेल्या होत्या. मी तसाच पडून राहिलो.

"काय झालं जी? चक्कर आली काय?"

"नाई," मी म्हणालो. "अठरा वर्ष मीच चुकलो."

प्रभाकररावांनी मला ओढून बाहेर काढले, पाणी पाजले आणि आपल्या मोटारसायकलवर बसवून गावी भावाच्या दारात नेऊन सोडले. भाऊ भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मी म्हणालो, "भाऊ, रेंगी तुमचीच. मी खुणा पाहून आलो."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "माह्यावर इस्वास ठेवाचा होता तुनं, लाकडावर नाई." मी पायाशी बसलो. रडलो, ते लपवत नाही. थोड्या वेळाने शेंगांचे टोपले माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सोल. अन् आयक. लाकूड बाबानंच निवडलं होतं, खाटेवरून. मी वाजवून दाखवो अन् ते मान हालवत. दोघाईचं नाव टाकू."

एकाच कागदावर दोघांनी अर्ज केला. दिवाळीनंतर पाटी बदलली : कारागीर तानबा मांडवकर व बाबाराव मांडवकर. आम्ही दोघे पाहून आलो. त्या रात्री मला गाढ झोप लागली. मेलो तरी आता छातीवर काही ठेवून जाणार नाही.

५. बापाची हत्यारे, म्हणजे वाकस, पटाशा, रंधे व करवत, भाऊ बाबाराव यांना, असे मी आधी लिहवून घेतले होते. आज वाचून दाखवल्यावर भाऊ म्हणाले, "साक्षीदार कोण? मी करतो सही." वकीलसाहेब म्हणाले, "बाबारावजी, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष नको, पुढं भानगड होते." मी म्हणालो, "भाऊ, हत्यारं घ्या, साक्षीदार दुसरा पाहू." भाऊ म्हणाले, "हत्यारं दामिनीले दे, तिले खिळा तरी सरळ ठोकता येते. मले काई नको देऊ. मले सही करू दे." सबब हत्यारे दामिनीला.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, समजले, पटले. घरात चहा झाला आहे.

ठिकाण : पुलगाव
तारीख : २४ नोव्हेंबर २०२४

सही : डोमाजी तानबा मांडवकर

साक्षीदार
प्रभाकरराव, चौकीदार, वारसा उद्यान. (सही)
बाबाराव तानबा मांडवकर, वय ८२, लिहून ठेवणाऱ्याचे सख्खे थोरले भाऊ. या कागदाने त्यांना काहीही मिळत नाही. (सही)