आधी लायक तर होऊ दे

५ जानेवारी २०२५, रविवार

नव्या वर्षातलं पहिलं प्रभुभोजन. भाकरीचं ताट ओळीतून फिरत माझ्यापर्यंत आलं. मी डोळे मिटले, मान खाली घातली आणि ताट तसंच पुढे दिलं. घेतली नाही. माझ्यासारख्या पाप्यानं कोणत्या तोंडानं घ्यावी? मान पुरेसा वेळ खाली ठेवली. मागच्या दोन ओळींना दिसलं असणार. घरी आल्यावर रेश्मानं विचारलं, ॲसिडिटी झाली होती का. बायकोला नवऱ्याचं अध्यात्म कळत नाही ते नाहीच.

सभा संपल्यावर पास्टर मुरारींनी बाजूला घेतलं. हे पूर्वी वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचे. आता महाडात टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आमची मंडळी चालवतात. घाई तीच. म्हणाले, बुधवारच्या सभेत वचन वाचायचं आणि दोन शब्द बोलायचं काम तू घे. मी हात जोडून म्हणालो, मी लायक नाही.

आता आपल्याकडे रीत काय आहे? पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो. तो ताटावर आडवा हात धरतो, आपण बोटांच्या फटीतून वाढतो. मग तो जेवतो, आणि चांगला जेवतो. पास्टरांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. बरं म्हणाले आणि वळून दीपकला विचारलं. दीपक म्हणजे मोबाईल रिपेअरिंगवाला. विश्वासात येऊन धड दोन वर्षं नाहीत. तो हो म्हणाला. पहिल्या फटक्यात. लाज म्हणून नाही.

संकल्प : ही अपात्रतेची भावना या वर्षी मुळासकट उपटायची आणि देवाच्या सेवेत उभं राहायचं (दीपकच्या पुढे). त्यासाठी पहाटे पाचला प्रार्थना, शुक्रवारी उपास, व्हॉट्सॲप बंद.

८ जानेवारी, सकाळी

पाचचा गजर झाला. ऐकला. बंद केला. म्हणजे पाचला जागा होतो, एवढं नोंदवून ठेवतो. पुढचं कंपनीच्या दगदगीमुळे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दीपकची पहिली सभा. वाचताना अडखळला. एक अख्खी ओळ गिळली. तरी लोकांचं आमेन, आमेन. आमच्या लोकांना वाचन कशाशी खातात ते माहीत नाही. मी वाचतो तेव्हा स्वल्पविरामसुद्धा ऐकू येतो.

१० जानेवारी, शुक्रवार

उपास. दुपारपर्यंत उत्तम. चार वाजता कंपनीच्या स्टोअरमध्ये सोबतच्या चांगूचा वाढदिवस निघाला. नाही म्हटलं असतं तर त्याचं मन दुखावलं असतं, आणि प्रीती उपासापेक्षा मोठी. दोन वडापाव. दुसरा निव्वळ आग्रहामुळे. चांगूला आग्रह करता येतो आणि पास्टरांना येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज सभेत उभं राहून साक्ष दिली, प्रभूनं मला कसं बदललं त्याची. माझ्या आधी दीपकची झाली. दारू, मारामारी, पोलीस, मग प्रभू. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. माझी पंचाईत अशी, की माझ्याकडे एकही धड पाप नाही. ख्रिस्ती घर, डिप्लोमा, कंपनीत स्टोअर क्लार्क. एवढ्या भांडवलावर माणूस किती पश्चात्ताप करणार? तरी मी कमी पडलो नाही. स्वतःला धूळ म्हणालो, किडा म्हणालो. किड्याचं जरा सविस्तर सांगत होतो तेवढ्यात पास्टरांच्या मिसेस, समीक्षाताई, यांनी गाणं सुरू केलं. माझा किडा अर्ध्यावर राहिला.

लोकांना नम्रता बघवत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

मोठी गोष्ट घडली. नाते गावच्या प्रयागबाईंचा व्हॉइस मेसेज आला. (व्हॉट्सॲप बंदच आहे. काही आलं का, एवढं बघायला उघडलं होतं.)

प्रयागबाई आमच्या मंडळीतल्या सगळ्यात जुन्या. घरात त्या एकट्याच विश्वासी. मुलगा महादू आणि नातसून पूजा आपले देव धरून आहेत, पण म्हातारीला कधी अडवत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्या सरकारी दवाखान्यात होत्या. तो माझ्या वाटेवरच पडतो, म्हणून मी सुटल्यावर जाऊन थोडं थोडं वाचून दाखवायचो. त्यांना अक्षरओळख नाही. आता पाय सुजलेत, खाट धरलीये. पूजाच्या फोनवरून बोलल्या :

"सुहास, ये रे बाला. वाचून दाखव. पास्टर लय मोठ्यानं बोलतो, डोका दुखतंय माझा."

मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. रेश्मालाही ऐकवला. ती म्हणाली, मग उद्या जा की, नाते काय लांब आहे? हिला सगळं बाजारहाटासारखं वाटतं. मरणाच्या दारातल्या माणसासमोर वचन उघडायचं तर आधी वाचणारा शुद्ध नको? मी उत्तर पाठवलं : मी लायक नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा.

पूजानं अंगठा पाठवला.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रभुभोजन. ताट फिरवायला कोण, तर दीपक! घ्या ना ब्रदर, म्हणाला. एकदाच. मी डोळे मिटेपर्यंत पुढे गेलासुद्धा.

पास्टरांनी जिन्यात गाठलं. नात्याला गेलास का? म्हटलं, तयारी चालू आहे. कसली तयारी, म्हणाले. मी आत्मपरीक्षण वगैरे समजावून सांगितलं. त्यांचं लक्ष रस्त्यावर, गाडी आडवी लागली होती. म्हणाले, जमत नसेल तर दीपकला धाडतो. मी म्हटलं, मुळीच नको. म्हातारीनं माझं नाव घेतलंय. तिला वाईट वाटेल. मग तुझ्यावर सोडतो, म्हणाले, आणि गाडी काढायला गेले.

दीपकला नात्यापासून वाचवलं. म्हणजे, नात्याला दीपकपासून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उपास. रेश्मानं मुद्दाम कोलंबी केली. सैतान कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही. जेवलो, पण जेवताना खूप वाईट वाटत होतं, आणि तेच खरं उपासाचं सार आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीची पिकनिक, रायगड, रोपवे. मला जायचं नव्हतं, पण पैसे आधीच कापले होते.

बस नात्यातून जाते. प्रयागबाईंचं घर रस्त्यावरूनच दिसतं. घर जवळ आलं तसं मन भरून आलं, म्हणून डोळे मिटून मान गुडघ्यांपर्यंत खाली घातली आणि म्हातारीसाठी प्रार्थना सुरू केली. चांगूला वाटलं मला उलटी होतेय. तो ओरडला, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि बस थांबली ती बरोब्बर प्रयागबाईंच्या दारात. मला धरून खाली उतरवलं. कुणी लिंबू दिलं, कुणी पिशवी. अंगणात पूजा मिरच्या वाळत घालत होती. ती बघत राहिली.

आता कुणीही म्हणेल, एवढा दारात उतरलास तर आत जायचं. पण माझ्या डोळ्यांवर गॉगल. टी-शर्टवर 'फुल टू धमाल' लिहिलेलं. असा मनुष्य वचन वाचायला जातो का? मी पूजाला हात केला. तिनंही केला. बसमध्ये चढलो.

रोपवेखालच्या हिरकणीवाडीला पिठलं-भाकरी चांगली मिळाली. मन लागलं नाही. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रयागबाईंचा फोन. आवाज खोल गेलाय. म्हणाल्या, परवा रस्त्यात उभा होतास ना, पूजा बोलली. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, प्रयागबाई, मी अजून स्वतःला लायक समजत नाही. माझे ओठ, माझं अंतःकरण, माझी आतली लढाई, सगळं सांगितलं. मधे मधे त्यांना दम लागत होता, तेवढा वेळ मी थांबत होतो. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या :

"मी तुला लायकी कवा विचारली रे? दोन पानां वाचाय बोलवलाय. तू आपलाच सांगतोस."

साधी माणसं. त्यांना या गोष्टींची खोली कळत नाही. तरी शब्द जरा लागला, हे मान्य करतो. दुपारी कंपनीत लक्ष नव्हतं. एका ट्रकला दोनदा गेटपास दिला.

१ मार्च, शनिवार

ठरलं. उद्या. आधी प्रभुभोजन घ्यायचं, योग्य रीतीनं, सगळ्यांसमोर, आणि तिथून उठून थेट नाते.

प्रयागबाईंसमोर एकदम वाचायला सुरुवात करणं बरं दिसणार नाही, म्हणून छोटं प्रास्ताविक लिहून काढलं : मी कोण, मी किती अपात्र, तरी मी का आलो. आरशासमोर म्हणून पाहिलं. मग रेश्माला म्हणून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, हे संपेस्तोवर म्हातारीला झोप लागेल. मग खडे वेचता वेचता म्हणाली, तुम्ही दवाखान्यात वाचायचात ना, ते मी म्हातारीचा डबा घेऊन आले की बाहेरच्या बाकावर बसून ऐकायचे, छान वाटायचं.

हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. पण विषय प्रास्ताविकाचा होता, तो तिनं बदलला.

२ मार्च, रविवार

काय लिहू?

इस्त्रीचा शर्ट घातला. पहिल्या ओळीत बसलो. आज डोळे उघडे, मान वर. ताट आलं. दीपकच्या हातात. माझ्या शेजारच्या वयस्कर माणसानं घेतलं, आणि दीपकनं ताट माझ्या नाकासमोरून पलीकडे, थेट रेश्मापुढे नेलं! तो माझ्याकडे बघून अदबीनं हसलासुद्धा. म्हणजे याला आता पाठच झालंय की सुहासभाऊ घेत नाहीत. मी हात अर्धा वर केला होता. तो तसाच केसांकडे नेला.

हाक मारून मागायला पाहिजे होतं, असं रेश्मा म्हणते. मागायचं? देवाच्या घरी? मी काय भजी मागतोय? डोक्यात अशी आग होती की नात्याला जाणं शक्यच नव्हतं. असला राग घेऊन आजारी माणसाच्या उशाशी बसणं म्हणजे पाप. दुपारी झोपलो.

पुढच्या रविवारी नक्की. शांत मनानं.

६ मार्च, गुरुवार, सकाळी

पूजाचा मेसेज. प्रयागबाई पहाटे गेल्या.

संध्याकाळी

कंपनीतून अर्धी सुट्टी घेऊन नात्याला गेलो. महादूनं दफनाला घरामागे आपल्याच जमिनीत जागा दिली. गावातल्या काहींनी कुरकुर केली म्हणे, पण खड्डा खणायला तेच आले होते.

पूजा माझ्याशी नीट बोलली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आजी मलाच वाचायला बसवायची. मला त्यातली नावं येत नाहीत, मी काहीही वाचायचे. आजी म्हणायची, चालेल गो, सुहास येईस्तोवर तू वाच. म्हणजे शेवटपर्यंत माझी वाट बघत होत्या. मी पूजाला म्हटलं, मी येणारच होतो, या रविवारी. ती म्हणाली, हो का.

मग सगळे खड्ड्याभोवती उभे राहिले. पास्टर मुरारींनी पवित्र शास्त्र उघडून माझ्यापुढे धरलं. आज त्यांना घाई नव्हती. म्हणाले, सुहास, वाच. तिला तुझं वाचणं आवडायचं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी लायक नाही.

मला तसं म्हणायचं नव्हतं. शपथ सांगतो, मला वाचायचं होतं. हात पुढे येत होता. तोंडाला सवय लागलीये. आणखी एकदा म्हणाले असते, अर्ध्यांदा जरी म्हणाले असते, तरी मी वाचलं असतं. पास्टरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि शास्त्र पूजाकडे दिलं. ती बिचकली. मी त्यातली नाय, म्हणाली. पास्टर म्हणाले, तुला पान माहीत आहे ना? मग तिनं डोक्यावर पदर घेतला आणि वाचलं. अडखळत, बोट ठेवून. एका नावापाशी ती अडली, आणि मी मागून ते नाव मोठ्यानं, शुद्ध म्हटलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दीपकनंही.

नाव बरोबर होतं.

९ मार्च, रविवार

आज सभेला गेलो नाही. रेश्माला डोकं दुखतं म्हणालो आणि मोटरसायकल काढून नात्याला गेलो. प्रास्ताविक घेतलं नाही. कुणी बोलावलं नव्हतं.

महादू शेतावर गेलेला. पूजानं पाणी दिलं, चहा ठेवला. प्रयागबाईंची खाट उन्हात उभी करून ठेवली होती. मी दोन घोट घेतले. मग जन्मात पहिल्यांदा, कुणी न विचारता, मी म्हणालो, वाचून दाखवू का?

पूजा चूल सारवत होती. हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, खरंच कळलं नाही म्हणून पाहतात तसं.

"आता कुणाला, भाऊ?"

मी म्हटलं, नाही, सहजच. चहा संपवला. ती म्हणाली, परत या. निघालो.

गावाबाहेर आलो आणि गाडी चालवता येईना. रस्त्याच्या कडेला उभी केली. दगडावर बसून रडलो. मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. म्हातारी वाट बघत मेली आणि मी महाडात बसून माझी लायकी मोजत होतो. तिथे माणूस नव्हतं. एक एसटी गेली. ड्रायव्हरनं पाहिलं का म्हणून मी मान वर केली, पण तो समोर बघत होता.