सांगून आलेला भूकंप

१२ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

भूकंप होणार हे कुणाला आदल्या दिवशी कळतं का? तुम्ही घरातल्या एकुलत्या पदवीधराला विचारलंत. नाही कळत. आमच्या भूकंप-वेधशाळेतही कुणाला कळत नाही. मग गाडीवर भोंगा लावून, उद्या भूकंप आहे, भांडी खाली काढा, अंगणात बसा, असं सांगत फिरणारे ते लोक कोण?

त्यांनी सांगितलेला धक्का बसला त्या सकाळची नोंद माझ्या टेबलावर आहे. भूकंपात जमीन घसरते. म्हणून पहिला धक्का काही भूकंपमापक यंत्रांना बाहेर ढकलतो, काहींना आत ओढतो. या धक्क्यानं चहूकडच्या यंत्रांना फक्त ढकललंय. साहेब म्हणतात, भूकंप लिहा आणि मोकळ्या व्हा. मी अजून काहीच लिहिलेलं नाही.

आईला म्हणावं, मी जेवते वेळेवर. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आई म्हणते, एवढं शिकवलं आणि पोरगी उलट आम्हालाच प्रश्न विचारते! भांडी शाबूत आहेत.

पण धक्क्यानंतर तासाभरानं टेकडीमागचं कुरण खाली बसलं. कडा गोल, कंपासनं आखल्यासारखी. तळाशी गवत तसंच उभं. पाखरं वरून जात नाहीत, वळसा घालतात.

काल गाडी परत आली. पाच तारखेला पुन्हा भूकंप, या वेळी मोठा, पण घरं सोडू नका म्हणाले. काकानं विचारलं, मोठा कशावरून? तर नुसते हसले. आई त्यांच्यावर विश्वास ठेवून आहे. मी तुझ्यावर. तू सांगशील तसं करू.

सुखी राहा, पत्र धाड.

बाबा

२६ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

कुरण बसलेलंही माझ्या नोंदीत सापडलं. बारीक धक्का, सगळ्या यंत्रांना आत ओढणारा. त्याआधीचा मोठा धक्का भूकंप नव्हताच. कुणीतरी जमिनीखाली प्रचंड स्फोट केला, पोकळी झाली, मग तिचं छत कोसळलं. पाच तारखेचा मोठा 'भूकंप'ही तसाच स्फोट असणार.

साहेबांना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि अगदी मायेनं विचारलं, बाळ, टेकडीपलीकडचं तिसरं घर तुमचंच ना? घर कुठे आहे हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

आज सकाळी मी 'स्फोट' असं लिहून, खाली सही करून, ती नोंद देशोदेशीच्या वेधशाळांना पाठवली. नोकरी संपली. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. टेम्पोवाल्याच्या हाती दिलंय. तो तुमच्या दारात उभा आहे. आईला, काकाला घेऊन आत्ताच त्यात बसा. बाकीची माया समोर बसून मागेन.

तुमची,
भिंगरी