अक्काला आधी कळवलेला भूकंप

नाशिक, ३ फेब्रुवारी १९८६

ति. अक्कास सावळीरामचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमच्या गावात जमीन गुरगुरते, फळीवरची भांडी वाजतात, असं तू लिहिलंस. आमच्या कचेरीतल्या भूकंपमापकावर ते सगळे धक्के उमटलेत. शिवाय आता आमच्याकडे कॉम्प्युटर आलाय. जुन्या भूकंपांच्या नोंदी आम्ही त्याला शिकवतो, मग नवे धक्के पाहून तो पुढचं ताडतो. परवा त्याने तुमच्याकडे याच महिन्यात मोठा धक्का दाखवला.

साहेब म्हणतात, खात्री नाही, बाहेर बोलायचं नाही. पण मला चैन पडेना. तू, दाजी आणि तुझ्या सासूबाई धोंडाबाई मावशी इकडे निघून या. सातपूरची माझी खोली पत्र्याची आहे, डोक्यात पडली तरी टेंगळावर भागेल. गावात मात्र बोलू नकोस.

लोभ आहेच, तो येऊन वाढवावा.

तुझा सावळीराम

चिंचबारी, ता. कळवण, ९ फेब्रुवारी

चि. सावळीरामास आशीर्वाद व जय भीम.

आम्ही येत नाही. माझ्या वर्गातली पोरं दगडमातीच्या शाळेत ठेवून मी तुझ्या पत्र्याखाली कशी निजू? म्हणून सगळ्या गावाला सांगून टाकलं. रागावू नकोस. पुंजाबाबांनी विचारलं, मशीनला कळतं तर बैलांना कसं कळंना? पण खळ्यात निजायला पहिली बाज त्यांचीच आली. शाळा आता चिंचेखाली भरते. दाजी तुझ्या भूकंपाला जावईबापू म्हणतात. येणार म्हणून सगळ्यांनी ताटकळायचं.

उघड्यावर थंडी फार आहे. सासूबाईंना खोकला झालाय.

स्वेटर घालत जा. लोभ ठेव.

तुझी भिमाअक्का

नाशिक, २७ फेब्रुवारी

ति. अक्कास जय भीम.

महिना सरत आला, धक्का आला नाही. तुमच्या गावची बातमी तालुक्यातून साहेबांपर्यंत पोचली. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की आपल्याकडे नोंदीच थोड्या, त्यावर यंत्र काय शिकणार? मला कॉम्प्युटरवरून काढून टपालाच्या टेबलावर बसवलंय.

त्याचं काही नाही. पण मावशींना न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवलंय, असं दाजींचं कार्ड आलं. यापुढे असलं काही कधी लिहिणार नाही.

लोभ कमी झाला असेल, तरी थोडा राहू द्यावा.

सावळीराम

चिंचबारी, १६ मार्च

चि. सावळीरामास आशीर्वाद व जय भीम.

सासूबाई घरी आल्या. छाती अजून वाजते, पण भाकरी खातात.

गावात लोक चिडले होते. मास्तरीणबाईच्या भावाने गाव नाचवलं, असंही बोलले. पाराजवळ सगळे जमले तेव्हा मीच विचारलं, की पुढे पुन्हा काही कळलं, तर सांगू की नको? सासूबाई घोंगडी पांघरून उन्हाला बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “सांगायचं. पन नक्की नाय, हे बी सांगायचं. कुठं निजायचं ते आमचं आम्ही ठरवू.”

त्यावर कुणी वाद घातला नाही.

हे साहेबांच्या कानावर घाल. आणि पुन्हा काही दिसलं, तर ते पत्र मला एकटीला नको, त्यांच्या सहीने ग्रामपंचायतीला येऊ दे. लोभ तेवढा माझ्या नावे पाठव.

तुझी भिमाअक्का