व्हायोलिन वाजताना दिसलं

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू दोनदा ‘हं’ म्हणतोस आणि वहिनीच्या हातात देऊन टाकतोस. मेसेज वाचतोस की नुसते उघडून मिटतोस, देव जाणे. म्हणून आता कागदावर लिहितेय, म्हणजे मधेच कुणाच्या हातात द्यायची सोय नाही. शेवटपर्यंत वाच. तुझ्यावर चिडूनच लिहायला बसलेय, पण फक्त तुझ्यावर नाही. रांग मोठी आहे.

रांगेत पहिले हे बँडवाले. वीस वर्षं झाली मला यांचं ऐकून लिहायला, आणि अजून एकानेही मला नुसता अल्बम पाठवला नाही. सोबत तीन पानांचं निवेदन असतं. प्रत्येकाचा अल्बम हा ‘प्रवास’ असतो. कुठून कुठे ते नऊ गाणी ऐकूनही कळत नाही. परवाच्या कार्यक्रमात एका गिटारवाल्याने दोन गाण्यांच्या मधे एकाकीपणावर अकरा मिनिटं भाषण केलं, मी घड्याळ लावून मोजलं, आणि मागे ड्रमवाला बिचारा काठ्या मांडीवर ठेवून जांभया देत होता. श्रोत्यांत निम्मे त्यांचे मित्र, उरलेले मित्रांचे मित्र. टाळ्या अशा की जणू कुणी बुडताना वाचलंय. आणि तरीही मी जाते, कारण अशा दहा कार्यक्रमांतून एकात कुणीतरी तीन मिनिटं असं काही वाजवून जातं की घरी येऊन चपला काढायचंही सुचत नाही. ती तीन मिनिटं ओळखता यावीत, एवढाच माझा धंदा. तो मला तू शिकवलास. मागच्या खोलीत भंगारातले दोन स्पीकर लावून मला मधे बसवायचास आणि डोळे मिटून सांगायला लावायचास, कुठलं वाद्य कुठून येतंय. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. मी रडकुंडीला यायचे, पण तू उठू द्यायचा नाहीस. वर ‘कटकट’ हे नावही मलाच.

आता त्या कार्यक्रमाबद्दल, ज्याच्याविषयी आपण अकरा महिने एक शब्द बोललेलो नाही. रविवारची दुपार, जुन्या पोहण्याच्या तलावाचा तो हॉल. पाणी काढून टाकलेला तलाव आणि चारी बाजूंनी फरशा, टाचणी पडली तरी चारदा ऐकू येणारी जागा. तिथे माणसाला गाणं ऐकू येईल असं तू दोन वर्षं खपून केलं होतंस. कुठून कुठून जुने गालिचे आणून भिंतींवर टांगलेस, स्पीकर वीतभर इकडे, वीतभर तिकडे. त्या चौघांच्या बँडचा पहिला अल्बम होता, ध्वनिनियंत्रणाला तू होतास. मी नेहमीप्रमाणे डाव्या भिंतीला, शिडीपाशी उभी. आणि शुक्रवारच्या पुरवणीत मी लिहिलं: ‘व्हायोलिन वाजताना दिसलं, ऐकू आलं नाही.’ पुढे आणखी दोन परिच्छेद होते, पण लोकांनी तेवढंच उचललं. मला ते वाक्य फार आवडलं होतं, दादा. खोटं कशाला बोलू. लिहून झाल्यावर मी चहा करून प्यायले होते त्या वाक्याच्या आनंदात. भाऊ असला म्हणून सोडलं नाही, याचाही एक ताठा होता.

त्या दिवशी तुझा फोन आला. तू एवढंच विचारलंस, ‘तू कुठे उभी होतीस?’ मी म्हटलं, ‘दर वेळी असते तिथेच.’ तू ‘बरं’ म्हणालास आणि ठेवलास. मला वाटलं, राग आलाय, येईल ताळ्यावर. दोन आठवड्यांनी हॉलच्या व्यवस्थापकाने तुझ्या जागी दुसरा माणूस बसवला. बँडनेही पुढच्या दौऱ्याला दुसऱ्यालाच नेलं. तू जाऊन कुठल्याशा सभागृहात भाषणांचे माईक लावायला लागलास. मला वाटलं, तू माझ्यासमोर भांडशील, निदान एकदा तरी म्हणशील की तुला काही कळत नाही. तू काहीच म्हणाला नाहीस. मग मीही ठरवलं, बघू कोण आधी बोलतं ते.

आता दोन महिन्यांपूर्वीचं सांगते. एका बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रित केलेला अल्बम पाठवला. निवेदन नव्हतं, म्हणून मी आधीच खूश होते. मी लिहिलं, गाणी चांगली आहेत, पण सगळं डावीकडे कलल्यासारखं वाटतं, उजवी बाजू रिकामी आहे. तिचं उत्तर आलं. इतकं सभ्य की मला जास्तच राग आला. ‘तिसऱ्या गाण्यात उजवीकडे अखंड बासरी आहे. आपला हेडफोन एकदा तपासून बघाल का?’ मी तणतणत दुकानात गेले. दुकानदाराने हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवला, ऐकलं आणि म्हणाला, ‘चांगला आहे, ताई.’ मी म्हटलं, उजवा बिघडलाय. त्याने नवा दिला, तोही तसाच. मग तिसरा. तिसऱ्याच्या वेळी तो वाद घालत बसला नाही. हेडफोन माझ्या डोक्यावर उलटा ठेवला, उजवा डाव्या कानावर. आणि बासरी आली. सबंध गाणंभर बासरी. मी त्या काउंटरपाशी उभी राहून ते गाणं तीनदा ऐकलं, मागे चार गिऱ्हाईकं ताटकळत होती.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बंद पेटीसारख्या खोलीत बसवून एक बटण हातात दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. डाव्या कानाला मी धडाधड दाबत होते. उजव्याला बसून राहिले, बसून राहिले, आणि काचेपलीकडे त्या लिहीतच होत्या. वरचे सूर उजव्या कानाला जवळजवळ नाहीतच. वर्षभर तरी झालं असेल म्हणाल्या, हळूहळू जातं म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही, आणि गेलेलं परत येणार नाही. मी विचारलं, खूप वर्षं स्पीकरजवळ उभी राहिले म्हणून का. त्या म्हणाल्या, त्यानेही असेल, वयानेही असेल. पन्नाशी आली तरी मला अजून कुणी वय काढलं की राग येतो, पण त्या दिवशी आला नाही.

घरी येऊन पहिली आठवण तुझ्या प्रश्नाची झाली. डाव्या भिंतीला उभी, म्हणजे सबंध हॉल माझ्या उजव्या कानाकडे. आणि व्हायोलिनवाली उजवीकडे. मी तिला शोधून काढलं आणि त्या दुपारचं ध्वनिमुद्रण मागितलं. ती स्वतःच घेऊन आली. हेडफोन उलटा घालून मी तिच्यासमोर बसून ऐकलं. दादा, व्हायोलिन होतं. नुसतं होतं नाही, फरशांच्या त्या खोक्यात इतकं स्वच्छ कुणी बसवून दाखवावं असं होतं. चौथ्या गाण्यात ती वरच्या पट्टीत जाते ना, तिथे तू ड्रम हलकेच मागे घेतला आहेस. तीच ती तीन मिनिटं. माझ्यापासून वीस पावलांवर झाली आणि मी वहीत वाक्य जुळवत उभी. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती म्हणाली, ‘आम्हाला वाटलं, तुम्ही लिहिताय म्हणजे तसंच असेल. मी तर त्यानंतर जोरात वाजवायला लागले.’

संपादकांना सांगितलं, तर ते म्हणे, वर्ष होत आलं, लोक विसरले, आता आपली परीक्षणकर्ती एका कानाने अधू आहे हे छापून काय मिळवायचं. मी लिहून नेलेलं पान त्यांनी कापून चार ओळींचं केलं. तासभर डोकं फोडल्यावर आणि सदर सोडायची भाषा केल्यावर सबंध छापायला तयार झाले. तुझ्या कार्यक्रमानंतर मी सतरा परीक्षणं लिहिली. त्यांतली गाणी पुन्हा हेडफोन उलटा-सुलटा घालून ऐकली, पाच परीक्षणं सरळसरळ चुकली आहेत. त्या पाचही जणांना वेगवेगळी पत्रं घातली. येत्या शुक्रवारी पुरवणीत माझ्या सहीने हे सगळं येईल, आणि त्यात पहिलं नाव तुझं आहे.

हे तुला तोंडाने सांगायला मंगळवारी मी घरी आले होते. तू कामावर होतास, वहिनी एकटीच होती. मी कानाचं सांगितलं. ती टेबलावरचं कापड सारखं करत म्हणाली, ‘तुला आता सांगायला हरकत नाही.’ तेव्हा मला कळलं की माझं परीक्षण आल्यावर चौथ्या दिवशी तू स्वतःचे कान तपासून घेतलेस. एकदा नाही, दोन ठिकाणी. कारण तुला वाटलं, ती लिहितेय म्हणजे माझंच काही बिघडलं असणार. आणि दोन्हीकडून तुझे कान ठणठणीत निघाल्यावर तू वहिनीला म्हणालास, ‘म्हणजे तिचे गेलेत. तिचं सगळं कानावर चालतं. मी काय, कुठेही माईक लावीन.’ आणि तिच्याकडून शब्द घेतलास, कुणाला सांगायचं नाही. अरे, तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मी तिकडे तुझ्या अबोल्यावर अबोला धरून बसले होते, आणि तू मला सांभाळत होतास. सांगितलं असतंस तर मी भांडले असते, आदळआपट केली असती, महिनाभर तुझं तोंड बघितलं नसतं, आणि मग गेले असते तपासायला. ते पाच जण तरी वाचले असते. वहिनीसमोर मी तुला वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, ‘मला कशाला बोलतेस, यांना बोल.’ मग जिना उतरताना पहिल्या वळणावर बसले आणि रडले. वरच्या मजल्यावरचे आजोबा पिशवी घेऊन चाललेले, ते बिचारे परत वर गेले.

तर आता हे पत्र कशासाठी ते सांगते. माफी शुक्रवारी छापून येईलच, ती वेगळी, जगासमोरची. ते चौघे पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी दुपारी, पुन्हा त्याच हॉलमधे वाजवणार आहेत. व्यवस्थापकाशी बोलून झालंय, त्याला तू हवा आहेस, आणि बँडला तर तुझ्याशिवाय कुणी नकोच आहे. व्हायोलिनवालीने माझ्याकडे तुझा नंबर मागितला. मी दिला नाही. म्हटलं, तो माझ्यामुळे गेला, मीच विचारते. म्हणून विचारतेय. येशील का? मी त्या कार्यक्रमाबद्दल लिहिणार नाही, संपादकांना तसं सांगितलंय. नुसती ऐकायला येईन, आणि कुठे उभं राहायचं ते तू सांगशील तिथे राहीन. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, रागाने म्हण, मला चालेल. फक्त या वेळी माझ्या भल्यासाठी गप्प बसू नकोस.

तुझीच, अजून तेवढीच,
कटकट