एझ्राची दुसरी खेप

श्रूजबरी, ४ मार्च २०२५

ती. नीलाताईस, सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

रिटायर झाल्यापासून मी लायब्ररीत जुनी पत्रं टाइप करायला जातो. सध्या एझ्रा नावाच्या शिपायाची चालू आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात भर गोळीबारात दोनदा मैदानात शिरून त्याने दोन जखमी उचलून आणले. शौर्यपदक मिळालं. पण बहिणीला तो लिहितो, पहिल्या खेपेला विचारच केला नाही. दुसऱ्या खेपेला सगळं ठाऊक होतं, झाडामागे ओकलो, मग गेलो.

ताई, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. दोनदा तारीख मिळाली, दोनदा मीच कॅन्सल केली. शोभनाला सांगितलं, हॉस्पिटलने पुढे ढकललं. चाळीस वर्षं मी लोकांच्या छात्या उघडल्या. ऑपरेशनच्या टेबलावर काय काय होऊ शकतं ते मला ठाऊक आहे. फार भीती वाटते. आता एकोणीसची तारीख आहे. कुणाजवळ बोलू नकोस.

या भित्र्यावरचा लोभ कमी करू नकोस.

गुरुदत्त

बॉथेल, ९ मार्च

चि. गुरुदत्त यास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. झुरळ दिसलं की माझ्यामागे लपणारा तू सर्जन झालास, तेव्हा आम्ही किती हसलो होतो. आज हसू येत नाही.

एझ्राला बहिणीने काय लिहिलं, ते कळव. माझं म्हणणं असं, की आधी शोभनाला खरं सांग, बायको आहे ती तुझी. काही बरंवाईट झालं आणि तिला नंतर कळलं, तर ती कुणाशी भांडणार? सतराला मी पोचते. माझा सिद्धेश विमानात बसवून देईल. एकटीच्या प्रवासाची मलाही धडकी भरलीय, पण येते.

आशीर्वाद आहेत, रागही आहे.

ताई

श्रूजबरी, १३ मार्च

ती. ताईस, सा. न.

एझ्राच्या बहिणीचं उत्तर पेटीत सापडलं नाही.

शोभनाला काल सांगितलं. मेथी निवडत होती. म्हणाली, ठाऊक आहे, दोन्ही वेळा तारीख रद्द झाल्याचा हॉस्पिटलचा फोन घरीच आला होता. मग गप्प का राहिलीस, असं विचारलं, तर उरलेली जुडी निवडून संपवली. शेवटी म्हणाली, तारीख पुढे गेली की तिलाही सुटल्यासारखं वाटायचं. दोन्ही वेळा तिने देवापुढे साखर ठेवली होती.

एकोणीसला गाडी ती चालवणार आहे. माझी भीती आहे तशीच आहे. तू आलीस की आधी तिच्याजवळ बस.

तुझा,
गुरु