जोडीशिवाय पाण्यात

लिमासान बेट,
१४ मार्च

लाडक्या दोदोंगला,
तुझ्या थोरल्या बहिणीचे, मानांग पिलारचे, अनेक आशीर्वाद.

सगळे ठीक असाल. पोरांचा खोकला गेला का? इथे उन्हं तापलीत. मासळी कमी झालीय, पण माझं एकटीचं भागतं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे.

दाप-आगनी, त्या काटेरी तारामाशांनी, यंदा खडकांवर नुसता धुमाकूळ घातलाय. तू होतास तेव्हा एखादा दिसायचा, आता एकावर एक बसलेत. जिथून सरकतात तिथलं पोवळं हाडासारखं पांढरं पडतं. तुझ्या दाजींचा तो उत्तरेचा खडक आठवतो ना? अर्धा गेला.

अंडी सोडायच्या आत त्यांना मारायचं, म्हणून गावच्या कप्तानने, आपल्या मुखियाने, सगळ्यांना कामाला लावलंय. गुरांना टोचायच्या लांब सुईत माडीचं व्हिनेगर भरायचं, खाली जाऊन टोचायचं. कापायचं नाही, तुकडे पुन्हा वाढतात म्हणे. जायचं मात्र जोडीनेच. नवरा-बायको, भाऊ-भाऊ अशा जोड्या पडल्या आणि मी किनाऱ्यावर सुया धूत बसले. दाजी गेल्यापासून माझी जोडी कुठली?

मग एका सकाळी कुणाला न सांगता एकटीच होडी काढली. चांगलं टोचत होते. लाटेने ढकललं आणि उजवा तळवा नेमका त्या विषारी काट्यांवर पडला. होडीत चढले कशी, देव जाणे. ओकून ओकून जीव गेला. घरी येऊन हात गरम पाण्यात घालून बसले. दार वाजवायला कुणी नव्हतंच. शेवटी शेजारची पोन्सिंग आली, तीही माझी कोंबडी तिच्या परसात शिरली म्हणून भांडायला. हात बघून म्हणाली, "मरायचंच होतं तर कोंबड्या आधी कोंडायच्या होत्यास!" आणि मला उचलून दवाखान्यात नेलं.

आता बरी आहे. बोटं अजून मिटत नाहीत. हे डाव्या हाताने लिहितेय.

तेव्हापासून पोन्सिंगच माझी जोडी. तिला पोहता येत नाही. कप्तान म्हणाला, "ही बुडणाऱ्याला काय वाचवणार?"

"वाचवायला कोण जातंय?" ती म्हणाली. "हिच्या कमरेला दोरी बांधीन. वर आली नाही की ओढीन आणि दोन शिव्या घालीन."

कप्तान हसला आणि सुई दिली.

काल उत्तरेच्या खडकाची शिल्लक बाजू साफ झाली. तिथलं पिवळं पोवळं, जेवायच्या टेबलाएवढं, जिवंत आहे. शेवटचा दाप-आग टोचला आणि सवयीने शेजारी वळून अंगठा दाखवला. शेजारी पाणीच होतं. तरी तुला सांगते, पाण्याखाली एवढं एकटं वाटत नाही. तिथे कुणीच कुणाशी बोलत नसतं. घरात वाटतं. दोन ताटं काढते आणि एक परत ठेवते.

तू सेबूला बोलावतोस. खोलीला रंग दिलास, पोरांनी खिडकी माझ्यासाठी राखून ठेवलीय, सगळं कळलं. पण मी येणार नाही, दोदोंग. रागावू नकोस. आज साफ केलेल्या खडकावर पुढच्या महिन्यात पुन्हा दाप-आग चढतात. इथून उठले तर ते पिवळं पोवळंही जाईल.

आणखी एक. हे लिहिणार नव्हते. पोन्सिंग जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणाला मनिलाला निघालीय, परत यायचं तिचं तिलाच ठाऊक नाही. जून लांब आहे, तरी परवापासून ती गाठोडं बांधतेय आणि मी तिच्याशी उगीचच भांडतेय.

तू ये, असं मी म्हणत नाही. तुझी नोकरी आहे, पोरांची शाळा आहे. तुला पोहता येतं, एवढंच लिहून ठेवते.

इथेच असणारी,
तुझी मानांग पिलार