दहाच्या तिकिटावर उतरलेला प्रवासी

प्रति,
मा. वाणिज्य निरीक्षक,
रेल्वे स्थानक, कासारवाडी रोड, जि. नांदेड

विषय : दि. १३ जानेवारी २०२६ रोजीचे कासारवाडी रोड ते मुदखेड योग्य भाडे लेखी कळविणेबाबत.
संदर्भ : माझे दि. २७ जानेवारी व २ फेब्रुवारीचे अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. दि. १२ जानेवारीला माझे वडील अमृतराव टेकाळे (आमचे अण्णा), निवृत्त शिक्षक, वय ७४, आपल्या खिडकीवर आले होते. उद्याचे भाडे आजच विचारून ठेवण्याची त्यांना सवय लागली होती. कारण त्याच सकाळच्या गाडीला कधी दहा रुपये पडत, कधी तीस, आणि मोबाइलवर तिसराच आकडा दिसे. खिडकीवरचे बाबू म्हणाले, "गुरुजी, गाडी तीच, रूळ तेच. भाडं वरून येतं." अण्णा म्हणाले, "मग वरच्याला एकदा खाली बोलवा की. लई दिस झाले, भेट न्हाई." दोघेही हसले. संध्याकाळी त्यांनी मला हे फोनवर रंगवून सांगितले. तो आमचा शेवटचा साधा दिवस.

२. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येण्यासाठी त्यांना दहाचे तिकीट मिळाले. डब्यातील एका प्रवाशाने सांगितले की गाडी आज एक्स्प्रेस आहे, तीसचे लागते. तपासनीस आलेच नव्हते. तरीही अण्णा पुढच्या थांब्यावर उतरले. आयुष्यभर मुलांची कॉपी पकडलेल्या माणसाला शंकेच्या तिकिटावर बसून राहवले नसावे. तिथून त्यांचा फोन आला.
"मनिषा, मी उतरलो बग."
"कुणी उतरवलं?"
"कुणी न्हाई, मीच. दुपारची पॅसेंजर दहाचीच हाय, तिनं येतो."
मी वर्गावर होते. "बरं" म्हणून फोन ठेवला. पॅसेंजर आली तेव्हा ते बाकावर बसलेलेच होते. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला आहे.

३. नंतर मी विचारणा केली. खिडकीवर सांगितले, दहाचे चालले असते. चौकशी कक्षात सांगितले, तीसच. हेल्पलाइनवर सांगितले, भाडे गाडीच्या दर्जाप्रमाणे; आणि त्याच दिवशी तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाल्याचा संदेश आला.

४. कोणावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही. माझी आई नीलाबाई रोज विचारते, "त्यांचं तिकीट खरं होतं का गं?" तिला दाखवता येईल असा एकच आकडा सही-शिक्क्यासह मिळावा. तिकिटाची छायाप्रत जोडली आहे. कृपया मूळ तिकीट मागू नये.

५. काल मी त्या थांब्यावर गेले. माझ्या शाळेपासून स्कूटीने पंचवीस मिनिटे लागतात. हे अंतर मी तोवर कधी मोजून पाहिले नव्हते. फलाटावर कोणी नव्हते. मी मोठ्याने म्हणाले, "अण्णा, तिथंच बसा. मी न्यायला येते."

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
मनिषा अमृतराव टेकाळे
मुदखेड, दि. ९ फेब्रुवारी २०२६